लक्सचा अहवाल चांगला, तरी डोळे का दिपतात? बाहेरील दिव्यांच्या प्रकाशाची मोजणी

नागपूरच्या त्रिमूर्तीनगर भागातील एका गृहनिर्माण संस्थेच्या सचिवांचा प्रश्न थोडक्यात असा आहे. संस्थेच्या साडेसात मीटर रुंद सिमेंट रस्त्यावर एका बाजूने सात मीटर उंचीचे खांब असून दोन खांबांमधील अंतर चोवीस मीटर आहे. जुने सोडियम दिवे काढून त्यांच्या जागी ८००० ल्युमेनचे (ल्युमेन म्हणजे दिव्यातून निघणाऱ्या एकूण प्रकाशाचे एकक) एलईडी दिवे बसवले. सायंकाळी फिरणाऱ्या ज्येष्ठ मंडळींचे डोळे दिपतात आणि समोरच्या इमारतीतील दुसऱ्या मजल्यावरच्या शयनगृहात रात्रभर उजेड येतो. ठेकेदाराने सरासरी २२ लक्सचा (लक्स म्हणजे पृष्ठभागावर पडणाऱ्या प्रकाशाचे एकक) अहवाल दाखवून काम नियमानुसार असल्याचे सांगितले आहे. शेजारच्या टर्फवर लावलेल्या फ्लडलाइटचीही तक्रार आहे. हे सर्व मोजायचे कसे आणि मोबाइलमधील लक्सचे अ‍ॅप त्यासाठी चालेल का, असे त्यांनी विचारले आहे.

अहवालातील प्रत्येक आकडा खरा मानला, तरी त्यातून आपल्या दोन्ही तक्रारींचे उत्तर मिळणार नाही. जमिनीवर आडवा ठेवलेला लक्स मीटर रस्त्यावर पडलेला प्रकाश मोजतो, तर डोळे दिपवणारा प्रकाश दिव्यातून जवळजवळ आडवा निघून थेट डोळ्यात येतो आणि जमिनीवरच्या मोजणीत त्याचा वाटा नगण्य असतो. म्हणून दिवा कोणत्या कोनात किती प्रकाश फेकतो हे आधी पाहावे लागते. डोळ्यापाशी व खिडकीपाशी काय पोहोचते, हे त्यानंतर मोजावे लागते.

तरीही सुरुवात त्या अहवालापासूनच करू, कारण त्यातही काही गोष्टी सापडतात. आपण पाठवलेले नऊ आकडे असे आहेत (प्रत्येक ओळीत एका खांबापाशी, दोन खांबांच्या मध्ये आणि पुढच्या खांबापाशी): खांबाच्या बाजूच्या कडेला ३६, ७, ३६, रस्त्याच्या मध्यावर ३०, ८, ३०, समोरच्या कडेला २१, ५, २१. ही नऊ बिंदूंची पद्धत आपल्याकडे सर्रास वापरली जाते, मात्र तिच्यात नऊ आकड्यांची बेरीज करून नऊने भागायचे नसते. चार कोपऱ्यांच्या बेरजेचा चौथा भाग, चार कडांच्या मध्यबिंदूंच्या बेरजेचा अर्धा भाग आणि मधला आकडा पूर्ण, अशी बेरीज करून तिला चाराने भागायचे असते, कारण कोपऱ्यातील बिंदू शेजारच्या चौकटींमध्येही मोजला जातो. तसा हिशेब केल्यावर सरासरी २२ ऐवजी १८ लक्स येते. आता आयएस १९४४ या भारतीय मानकाकडे पाहू. कमी वाहतुकीच्या दुय्यम रस्त्याला, म्हणजे बी-२ गटाला, सरासरी ४ लक्स आणि बऱ्यापैकी वाहतुकीच्या बी-१ गटाला ८ लक्स पुरेसे मानले आहेत. दोन्ही गटांत किमान प्रकाशाचे सरासरीशी प्रमाण निदान ०.३ असावे लागते. आपल्या रस्त्यावर किमान ५ आणि सरासरी १८, म्हणजे हे प्रमाण ०.२८ आहे. प्रकाश गरजेच्या दुपटीहून अधिक असूनही तो सारखा पसरलेला नाही. खांबाखाली लख्ख उजेड आणि दोन खांबांच्या मध्ये काळोखाचा पट्टा, हे दृश्य ज्येष्ठांना त्रासदायक होण्याचे एक कारण येथेच आहे. शिवाय नऊ बिंदू फारच विरळ आहेत. शक्य असेल तर लांबीच्या दिशेने दहा आणि रुंदीच्या दिशेने प्रत्येक मार्गिकेत तीन बिंदू घ्यावेत.

दिव्याच्या प्रकाशाचे खरे वर्णन कँडेलामध्ये केले जाते. कँडेला म्हणजे एका विशिष्ट दिशेने जाणाऱ्या प्रकाशाची तीव्रता. प्रयोगशाळेत हे काम गोनिओफोटोमीटर करतो. दिवा दोन अक्षांभोवती फिरवून, किंवा दिवा स्थिर ठेवून त्याच्याभोवती आरसा अथवा सेन्सर फिरवून, शेकडो दिशांतील तीव्रता नोंदवली जाते. रस्त्यावरील दिव्यांसाठी सी-गॅमा ही कोनपद्धती वापरतात. गॅमा शून्य म्हणजे सरळ खाली आणि गॅमा ९० म्हणजे क्षितिजाला समांतर. सीआयई या आंतरराष्ट्रीय प्रकाश आयोगाच्या संकेतानुसार सी-० व सी-१८० ही दिव्यातून जाणारी उभी प्रतले रस्त्याच्या लांबीच्या दिशेने जातात, सी-९० रस्त्याच्या बाजूला आणि सी-२७० खांबामागील घरांच्या बाजूला असते. दिवा आणि सेन्सर यांच्यामधील अंतर दिव्याच्या प्रकाशमान भागाच्या सर्वांत मोठ्या मापाच्या किमान पाचपट ठेवतात आणि अरुंद झोताच्या फ्लडलाइटसाठी ते याहून बरेच जास्त लागते. या मोजणीचा निकाल आयईएस किंवा युलमडॅट प्रकारच्या फाइलमध्ये मिळतो. ठेकेदाराकडे ही फाइल आणि एलईडी दिव्यांच्या मोजणीच्या एलएम-७९ किंवा आयएस १६१०६ या मानकानुसार केलेला चाचणी अहवाल लेखी मागावा आणि त्यातील मॉडेल, वॅट आणि विशेषतः लेन्सचा प्रकार खांबावरील दिव्याशी जुळतो का, हे पाहावे. एकाच बाह्य आवरणात चार-पाच प्रकारच्या लेन्स येतात आणि खालून पाहताना त्यांतला फरक ओळखू येत नाही. फाइल सॉफ्टवेअरमध्ये उघडल्यावर दिव्याची दिशाही तपासावी, कारण ती ९० अंशांनी फिरलेली असली तर पुढचे सगळे गणित निरर्थक ठरते.

फाइल मिळाली नाही, तरी काम अडत नाही. प्रत्यक्ष जागेवर कँडेला काढता येतो आणि त्यासाठी लागणारी साधने महाग नाहीत. वेगळ्या वायरवर सेन्सर असलेला लक्स मीटर, लेसरचे अंतरमापक आणि काळ्या पुठ्ठ्याची काठीवर बसवलेली चकती, एवढे पुरते. एका खांबापासून रस्त्याच्या लांबीच्या दिशेने ३१ मीटरवर उभे राहावे. सेन्सर डोळ्याच्या उंचीला, म्हणजे जमिनीपासून दीड मीटरवर धरून त्याचे तोंड थेट त्या दिव्याकडे करावे. येथून दिवा साडेपाच मीटर उंच आहे, म्हणजे आपण त्याला गॅमा ८० अंशांच्या दिशेने पाहत आहोत. वाचन टिपावे. मग सहकाऱ्याने काळी चकती दीड-दोन मीटर पुढे अशी धरावी की फक्त त्या एका दिव्याची सावली सेन्सरवर पडेल आणि दुसरे वाचन घ्यावे. या दोन वाचनांतील फरक म्हणजे त्या एका दिव्याचा प्रकाश. बाकीचे खांब, घरांतले दिवे, आकाशाचा उजेड हे सारे वजाबाकीत निघून जाते. समजा हा फरक १.३ लक्स आला. दिव्यापर्यंतच्या तिरप्या अंतराचा वर्ग सुमारे ९९१ आहे. त्याला १.३ ने गुणले की जवळजवळ १२९० कँडेला मिळतात. दिवा ८००० ल्युमेनचा असल्याने दर हजार ल्युमेनला हे १६१ कँडेला झाले. आडव्या दिशेचा प्रकाश किती रोखला आहे, त्यावरून दिव्यांचे कट-ऑफ (कडक) आणि सेमी कट-ऑफ (सैल) असे वर्ग करतात. सेमी कट-ऑफ दिव्याला ८० अंशांवर हजार ल्युमेनला १०० कँडेलाची आणि कट-ऑफ दिव्याला ३० कँडेलाची मर्यादा आहे. असे वाचन आले तर आपला दिवा या दोन्हींत बसत नाही, एवढे एका सायंकाळच्या कामात ठरते.

या कोनातील प्रकाश किती वाया जातो, तेही पाहण्यासारखे आहे. जमिनीवरील आडव्या पृष्ठभागावर पडणारा प्रकाश कोनाच्या कोज्येच्या (कोसाइनच्या) घनाच्या प्रमाणात घटतो. ६० अंशांवर हा घन ०.१२५ असतो, ७५ अंशांवर ०.०१७ आणि ८० अंशांवर केवळ ०.००५. म्हणजे ८० अंशांच्या दिशेने फेकलेले १२९० कँडेला रस्त्यावर ०.१४ लक्सदेखील देत नाहीत. आपल्या खांबांच्या मांडणीत दोन खांबांमधला मध्यबिंदू ६० अंशांच्या दिशेला येतो, त्यापलीकडचे काम पुढचा खांब करतो. ७० अंशांच्या वर जोरदार प्रकाश फेकणारी लेन्स ही खरे तर दूरदूरच्या खांबांसाठी बनवलेली असते. जवळजवळच्या खांबांवर ती बसवली की रस्त्याला लाभ नाही आणि डोळ्यांना मात्र ताप.

आता खिडकीकडे वळू. दुसऱ्या मजल्यावरील त्या खिडकीचा मध्य जमिनीपासून सात-साडेसात मीटरवर असेल, म्हणजे ती दिव्याच्या जवळजवळ समपातळीत आहे. खिडकी उघडून सेन्सर काचेच्या प्रतलात उभा, तोंड बाहेर करून धरावा आणि त्याच काळ्या चकतीने दिवा झाकून दुसरे वाचन घ्यावे. अंतर नऊ मीटर आणि फरक ७ लक्स असेल, तर तीव्रता ५६७ कँडेला, म्हणजे हजार ल्युमेनला ७१ येते. ९० अंशांवर सेमी कट-ऑफची मर्यादा ५० आहे. उपद्रवी प्रकाशाविषयीच्या सीआयई १५० या मार्गदर्शकाची दुसरी आवृत्ती २०१७ मध्ये निघाली. तिच्यानुसार मध्यम उजेडाच्या निवासी भागात घराच्या दर्शनी भागावर रात्रीच्या ठरावीक वेळेपूर्वी १० लक्स आणि त्यानंतर २ लक्स, एवढाच उभा प्रकाश चालतो. ७ लक्स सायंकाळी सात वाजता चालतील, मध्यरात्री नाही. हा मार्गदर्शक आपल्याकडे कायदा नाही, पण वाद मिटवताना दोन्ही बाजूंना मान्य होणारा आधार म्हणून तो उपयोगी पडतो.

एक गोष्ट येथे नीट समजून घ्यावी, कारण दुरुस्तीचा खर्च तिच्यावर अवलंबून आहे. खिडकीत जाणारा प्रकाश आणि फिरणाऱ्यांना दिपवणारा प्रकाश यांची कारणे वेगळी आहेत. जुन्या सोडियम दिव्यांची ब्रॅकेट बहुधा १० ते १५ अंश वर वाकवलेली असत आणि नवे दिवे त्याच ब्रॅकेटवर चढवले जातात. ब्रॅकेट १५ अंश वर असेल, तर प्रयोगशाळेत ७५ अंशांवर मोजलेला सी-९० प्रतलातील प्रकाश प्रत्यक्षात ९० अंशांवर, म्हणजे सरळ समोरच्या खिडकीत जातो. चाचणी अहवालात ९० अंशांवर शून्य आणि ७५ अंशांवर हजार ल्युमेनला ७० च्या आसपास कँडेला दिसत असतील, तर कोडे सुटले. शिडी लावून दिव्याच्या पाठीवर डिजिटल कोनमापक किंवा साधा पाणसळ ठेवला की कल लगेच कळतो. पण रस्त्याच्या लांबीच्या दिशेने हा कल फारसा फरक करत नाही. ८० अंशांची दिशा दिव्याच्या दृष्टीने ८० च्याच जवळपास राहते. म्हणून ब्रॅकेट सरळ केल्याने खिडकी शांत होईल, फिरणाऱ्यांची तक्रार मात्र लेन्स बदलल्याशिवाय जाणार नाही.

चकाकी, म्हणजे हे डोळे दिपणे, आकड्यात मांडायची झाली, तर रस्त्यांसाठी थ्रेशोल्ड इन्क्रिमेंट, व्यवहारात टीआय, वापरतात; चकाकीमुळे वस्तू दिसण्यासाठी तिचा उठाव किती टक्के जास्त लागतो, ते तो सांगतो. तेजस्वी दिव्याचा प्रकाश डोळ्याच्या आतील भागांतून विखुरतो आणि पाहायच्या दृश्यावर मोतीबिंदूसारखा एक फिकट पडदा येतो. या पडद्याचा उजळपणा काढण्यासाठी प्रत्येक दिव्यामुळे डोळ्यावर पडणाऱ्या लक्सला १० ने गुणून, दृष्टीची दिशा आणि दिवा यांच्यामधील कोनाच्या वर्गाने भागतात आणि सर्व दिव्यांची बेरीज करतात. कोन अंशांत घ्यायचा आणि पाहणारा क्षितिजापेक्षा एक अंश खाली पाहतो असे धरायचे. मघाचा दिवा ११ अंशांवर आहे. त्याचे डोळ्यावरचे सुमारे १.२८ लक्स घेतले, तर पडद्याचा उजळपणा ०.१०५ कँडेला प्रति चौरस मीटर येतो. या आकड्याला ६५ ने गुणून रस्त्याच्या सरासरी उजळपणाच्या ०.८ व्या घाताने भागले की टीआय टक्क्यांत मिळतो.

रस्त्याचा उजळपणा मात्र लक्सवरून थेट ठरत नाही. प्रमाणित तक्त्यांत सिमेंट काँक्रीटसाठी परावर्तनाचा सरासरी गुणांक ०.१० आणि सामान्य डांबरासाठी ०.०७ धरतात. आपल्या सिमेंट रस्त्यावर १८ लक्स म्हणजे ढोबळमानाने १.८ कँडेला प्रति चौरस मीटर, आणि एका दिव्याचा टीआय सुमारे ४ टक्के. तोच दिवा ५ लक्सच्या डांबरी गल्लीच्या तोंडाशी असेल, तर रस्त्याचा उजळपणा ०.३५ पर्यंत उतरतो आणि टीआय १६ टक्क्यांच्या आसपास जातो. त्यात बाकीच्या खांबांची भर पडते. प्रमुख रस्त्यांना १० टक्के आणि मध्यम वर्गाच्या रस्त्यांना १५ टक्के ही सीआयईची मर्यादा आहे. नागपुरात गेल्या काही वर्षांत इतके रस्ते सिमेंटचे झाले आहेत की एकच दिवा मुख्य रस्त्यावर सुसह्य आणि वळणानंतरच्या डांबरी गल्लीत असह्य वाटणे हा रोजचा अनुभव झाला आहे. त्यामागचे कारण हे असे आहे.

ज्येष्ठांची तक्रार मनाचा खेळ समजून बाजूला सारू नये. वर सांगितलेला १० हा गुणक २३ वर्षांच्या निरीक्षकासाठी आहे. वय वाढते तसा तो वाढत जातो. सूत्राप्रमाणे ७० वर्षांच्या व्यक्तीसाठी तो जवळपास २२ होतो, म्हणजे तोच दिवा आजोबांच्या डोळ्यात नातवाच्या दुपटीहून दाट पडदा तयार करतो. मोटारीतील माणसाला डोक्यावरचे छत २० अंशांच्या वरच्या दिव्यांपासून वाचवते, पायी चालणाऱ्याला तेही नसते. हा झाला दृष्टी मंदावण्याचा भाग. नुसत्या टोचण्याचा, अस्वस्थतेचा भाग वेगळा असतो आणि त्यासाठी युरोपीय मानकात एक सोपा निर्देशांक आहे. ८५ अंशांवरील तीव्रतेला दिव्याच्या त्या दिशेने दिसणाऱ्या प्रकाशमान क्षेत्रफळाच्या वर्गमुळाने भागायचे. सर्वांत सैल वर्गात त्याची मर्यादा ७००० आणि सर्वांत कडक वर्गात ५०० आहे. ४०० कँडेला आणि ०.०२ चौरस मीटर क्षेत्र असेल, तर हा निर्देशांक २८०० च्या वर जातो. चौपट मोठ्या, दुधी आवरणाच्या दिव्याला तो निम्मा होतो. सोडियमच्या मोठ्या काचेच्या तुलनेत एलईडीचे बारके ठिपके अधिक का खुपतात, ते यावरून दिसते. इमारतीच्या आतील दिव्यांच्या चकाकीसाठी असलेला यूजीआर हा आकडा काही विक्रेते बाहेरच्या दिव्यांसाठीही दाखवतात. तो येथे लागू नाही.

अ‍ॅपविषयी विचारले आहे, त्याचे उत्तर नाही असे आहे. मोबाइलचा सेन्सर काचेआड असतो, तिरप्या प्रकाशासाठी त्यात सुधारणा केलेली नसते आणि डोळ्याच्या संवेदनशीलतेशी तो नीट जुळत नाही. दोन मोबाइल शेजारी ठेवले तरी आकडे वेगळे येतात. लक्स मीटर निदान ०.०१ लक्सपर्यंत दाखवणारा, कोसाइन करेक्शन (तिरप्या प्रकाशासाठीची सुधारणा) असलेला आणि एनएबीएल या राष्ट्रीय मंडळाची मान्यता असलेल्या प्रयोगशाळेतून कॅलिब्रेट केलेला असावा. दिवे लागल्यानंतर निदान अर्धा तास थांबावे, कारण एलईडी तापत जातो तसा त्याचा प्रकाश थोडा उतरतो. प्रयोगशाळेतील मोजणी २५ अंश सेल्सिअसला होते, आपल्याकडे मे महिन्यात सायंकाळी सातलाही हवा त्याहून कितीतरी तापलेली असते, तेव्हा तापमान नोंदवून ठेवावे. व्होल्टेजही नोंदवावे. पावसाने ओला झालेला रस्ता आरशासारखा वागतो, म्हणून त्या रात्री मोजणी करू नये. पौर्णिमेचा उजेड पाव लक्सपर्यंत जातो आणि चकतीच्या वजाबाकीत तो निघून जातो, पण जमिनीवरच्या मोजणीत तशी वजाबाकी नसते, त्यामुळे तिथे अंधाऱ्या पक्षातील रात्र बरी. मोजणाऱ्याने गडद कपडे घालावेत आणि सेन्सरपासून दूर बसावे. पांढरा सदरा घालून सेन्सरवर वाकलेला माणूस ५ लक्सच्या वाचनात सहज गोंधळ करतो. उन्हाळ्यातील धूळ काचेवर बसलेली असेल, तर एक दिवा आहे तसा आणि मग पुसून मोजावा. त्या दोन आकड्यांचे गुणोत्तर पुढच्या देखभालीच्या करारात कामी येते.

टर्फच्या फ्लडलाइटसाठी दोन वेगळी मोजमापे आहेत आणि त्यांची गल्लत होऊ देऊ नये. खेळाडूंना होणारी चकाकी सीआयई ११२ मधील जीआर या १० ते ९० च्या मापाने ठरते, आकडा जितका मोठा तितका त्रास जास्त, आणि स्पर्धांच्या मैदानासाठी ५० ही नेहमीची वरची मर्यादा आहे. शेजाऱ्यांना त्याच्याशी काही घेणे नाही. त्यांनी खिडकीच्या प्रतलातील उभा प्रकाश टर्फ सुरू असताना आणि दिवे बंद होताच, अशी दोनदा मोजणी करून फरक काढावा. येथे काळ्या चकतीचीही गरज नाही. फरक मोठा असेल, तर फ्लडलाइटचा झोत उभ्या रेषेपासून किती कलला आहे ते आधी विचारावे. ७० अंशांच्या पलीकडे वर केलेला झोत मैदानापेक्षा शेजारच्या गच्च्यांवर अधिक पडतो. असमान झोताचा, सपाट काच जमिनीला समांतर राहील असा फ्लडलाइट बसवला की निम्मी भांडणे तिथेच संपतात.

आपल्या रस्त्यावरील कामाचा क्रम मी असा ठेवेन. प्रथम एकाच खांबाची ब्रॅकेट शून्य अंशावर आणून खिडकीचे वाचन पुन्हा घ्यावे. ते २ लक्सच्या आत आले, तर सर्व खांबांना तीच दुरुस्ती करावी. त्यानंतर ड्रायव्हरमध्ये (एलईडीला वीज पुरवणाऱ्या भागात) सोय असेल तर दिवे निम्म्यावर मंद करावेत. १८ चे ९ लक्स झाले तरी बी-१ गटाची सरासरी पूर्ण होते आणि विजेचे बिलही उतरते. मंद केल्याने सारखेपणाचे प्रमाण मात्र ०.२८ च राहील. मंद केल्याने खिडकीतील प्रकाशही निम्मा होतो, पण टीआय केवळ १३ टक्क्यांनी घटतो, कारण डोळ्यातील पडद्याबरोबर रस्ताही अंधारतो. प्रकाशाचा सारखेपणा आणि फिरणाऱ्यांची चकाकी या दोन्हींसाठी लेन्सच बदलावी लागेल. ८० अंशांवर हजार ल्युमेनला ३० कँडेला आणि ९० अंशांवर १० कँडेला या कट-ऑफ मर्यादा पाळणारी, सात मीटर उंची व चोवीस मीटर अंतरासाठी गणित करून दिलेली लेन्स हवी, असे कार्यादेशात लिहावे. स्वीकृतीची मोजणी ३१ मीटरवरील त्याच जागी, त्याच मीटरने होईल अशी अट घालावी आणि ती जागा सिमेंटवर पिवळ्या रंगाने आजच खुणावून ठेवावी.